पिवळा टॅग

"काका, पप्पा गेले..." शब्बीरच्या मुलीचा राजगुरुनगरहून फोन आला तेव्हा मी सांगवीच्या घरी चहा गाळत होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. टीव्हीवर मात्र मी त्याला त्याआधी सहा वेळा मरताना पाहिलं होतं. मालिका वेगळी, पण डोळ्यांत सुरमा, गळ्यात चौकड्यांचा रुमाल आणि शेवटी पोलिसाची गोळी, हे ठरलेलं.

चाकणच्या कंपनीत तो क्वालिटीत होता, मी ड्रॉइंग ऑफिसात. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी मी एकांकिका लिहिली आणि त्यातल्या गुंडाच्या भूमिकेसाठी त्याला पहिला सुरमा मीच लावला. त्याने तो आयुष्यात कधी घातला नव्हता. डोळे चुरचुरले, पण टाळ्या पडल्या. तिथूनच मालिकावाल्यांनी त्याला उचललं. रजा टाकून तो शूटिंगला जाई. कधी खाटीक, कधी बॉम्ब ठेवणारा. त्याचा भाग लागला की त्याची आई टीव्हीसमोरून उठायची. "ह्यो कुणाचा ल्योक हाय? माझा न्हाई."

एकदा डबा खाताना तो म्हणाला, "राव, सुरमा तू लावलास, आता पूसही तूच. एक साधा माणूस लिही माझ्यासाठी. आईला एकदा बसून बघू दे."

मी तीनदा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात तो शेजारणीला पुरातून काढतो, दुसऱ्यात गणपतीच्या मांडवाची आग विझवतो, तिसऱ्यात देशासाठी जीव देतो. शब्बीर वाचून हसायचा. "अरे भावा, एकदा तरी कुणाला न वाचवता मला घरी जाऊ दे की!" मग खिशातून पिवळा टॅग काढून वहीला बांधायचा. कंपनीत नापास मालाला लाल टॅग लागतो. पिवळा म्हणजे दुरुस्त होईल, परत आणा.

एकोणीस वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला. घरी गेल्यावर तो काय करतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मातीच्या दिवशी त्याची आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "कामावरनं आला की आधी माझी नखं बघायचा. वाढली असली की कापायचा..."

चौथी वही मी त्या नखांपासून सुरू केली आहे. तिच्यात कुणी कुणाला वाचवत नाही. त्याच्या आईला ती वाचून दाखवायचा धीर अजून होत नाही. टेबलावर या वहीशेजारी आधीच्या तीन वह्या आहेत, तिन्हींना पिवळे टॅग. लाल त्याने एकदाही लावला नाही.