निवृत्ती सरांची नडगी

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्यूटी सांभाळून निवृत्ती पगारे अठरा वर्षं आमच्या कॉलनीत, विहारासमोरच्या पटांगणावर सकाळी सहाला कराटे शिकवतात. पायाने फळ्या फोडणारा माणूस. त्यांची डावी नडगी मोडली ती मात्र घरातली जळमटं काढताना, स्टुलावरून पडून. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "प्रात्यक्षिक करताना का हो?" आणि सर खिडकीबाहेर बघत.

नडगीत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. पण त्या पायावर उभं राहून लाथ मारता येईल की नाही, ते व्यायामावर आहे." त्या दिवसापासून सरांना दुसरं काही सुचेना.

व्यायाम घ्यायला फिजिओथेरपिस्ट चैताली मॅडम येत. इगतपुरीची पोरगी, सव्विशीची. पायाला वजन बांधून विचारायची, "काका, दुखतंय?"

"नाही."

नाहीच म्हणणार! ह्यांच्या क्लासात जो 'दुखतंय' म्हणेल त्याला वीस जोर, हा नियम ह्यांचाच. ती बिचारी वजन वाढवत गेली. आठव्या दिवशी गुडघा पपईएवढा सुजला आणि तीन आठवडे सगळं बंद.

तेव्हा सरांच्या मिसेस, संजनाताई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मॅडम, ह्यांच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. कान बघा. दुखलं की लाल होतात. लग्नात बूट चावत होते तेव्हापासून बघतेय मी."

मग व्यायाम कानांवर चालला. "काका, कान!" असं म्हणत मॅडम वजन उतरवायच्या. हळूहळू सर स्वतःच बोलायला लागले. आधी 'जरासं', मग 'थोडंसं', आणि एक दिवस स्पष्ट, "दुखतंय हो, मॅडम."

"शाब्बास, काका!"

ब्लॅक बेल्ट मिळाला तेव्हाही कुणी इतक्या मनापासून शाब्बास म्हटलं नव्हतं, असं सर अजून सांगतात.

सातव्या महिन्यात ते पटांगणावर आले. मधल्या काळात क्लास लताबाईंनी चालवला होता. रिटायर्ड शिक्षिका, वय एकसष्ट, ग्रीन बेल्ट. सर डाव्या पायावर उभे राहिले. उजवा उचलला. डावा थरथरला, पण धरून राहिला. लाथ कमरेपर्यंत गेली. लताबाईंनी डोळे पुसले आणि घाम आलाय असं सांगितलं.

"सर, अजून वर! डोक्यापर्यंत!" मागून बँकेतला अश्विन ओरडला.

सरांनी पाय खाली ठेवला. "नाही रे. दुखतंय."

मग लताबाई हळूच म्हणाल्या, "सर, माझा खांदा महिनाभर दुखतोय." अश्विनचं मनगट दुखरं निघालं. कुणाचा घोटा, कुणाची कंबर. हातच हात वर.

सरांनी सगळ्यांना खाली बसवलं. काठी टेकत प्रत्येकाजवळ गेले, दुखरी जागा हाताने चाचपून बघितली. लाथाबिथा काही झाल्या नाहीत त्या दिवशी. अश्विनला म्हणाले, "माफ कर बाबा, तुला फार जोर मारायला लावले."

मग तिथूनच फोन लावला.

"मॅडम, उभा राहिलो! तुमच्यामुळे. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही, म्हणून आणखी एक काम सांगतो. रविवारी विहारासमोर येता का? एकोणीस पेशंट आहेत. आणि सगळे खोटं बोलतात. मीच शिकवलंय."