राजदूतांनी लावलेल्या खुर्च्या

बसा जरा, चहा घ्या, म्हणजे माझी अब्रू तुम्हाला घोटाघोटाने पिता येईल. मेलबर्नच्या या ट्रुगानिना उपनगरातल्या कुठल्याही मराठी घरात जा आणि मंदारचं नाव काढा, लोक तुम्हाला हाच किस्सा सांगतील. त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. ते लोक तिखटमीठ लावून सांगतात. मीही लावतो, पण निदान घरचं लावतो.

आमची एक मराठी शाळा आहे. शनिवारी सकाळी दोन तास. जागा कुठली? आमचं गराज. तुम्ही मेलबर्नचा जुलै पाहिलाय का? रोलर डोअरच्या खालून जो वारा येतो तो थेट मुलांच्या मोज्यांत शिरतो. बाराखडी म्हणताना मुलांच्या तोंडातून वाफ निघायची. बावीस मुलांची तेरा झाली. उरलेल्यांत माझी नऊ वर्षांची मुलगी इरा, आणि तिनेही एके दिवशी जाहीर केलं, "Baba, next term I'm not coming. I can't feel my toes."

गराज माझं, मुलगी माझी, आणि शाळा बंद पडली तर खापरही माझ्याच डोक्यावर. पुढच्या टर्मपर्यंत जागा मिळाली नाही तर शाळा गुंडाळायची, असं ठरूनच गेलं होतं.

आमच्यापासून पाच मिनिटांवर एक कम्युनिटी हॉल आहे. हीटिंग आहे, व्हाइटबोर्ड आहे, टॉयलेटसुद्धा स्वच्छ आहे. पण दारावरच्या पाटीवर लिहिलेलं: शनिवार, कॉयर. हा कॉयर, म्हणजे समूहगायनाचा गट, फिलिपिनो लोकांचा. आणि त्यांचे अध्यक्ष म्हणजे लिबोरियो दातुइन. साधा माणूस नाही हो. आधी मास्तर, मग आपल्या बेटावरच्या गावाचा मेयर, मग खासदार, मग दोन देशांत राजदूत. आता वय अठ्ठ्याहत्तर, मुलगी इथे नर्स आहे म्हणून तिच्याकडे येऊन राहिलेले.

"आपण त्यांचा सत्कार करू," विद्याताई म्हणाल्या. विद्याताई म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्ष आणि शाळेच्या बाईसुद्धा. "शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. खांद्यावर शाल पडली की माणूस मऊ होतो. मग हळूच शनिवारचा विषय काढायचा."

"आणि परिचय कोण करून देणार?" मी विचारलं. विचारलं म्हणजे काय, हात वरच होता माझा.

आता आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांचा परिचय ही काय चीज आहे ते तुम्हाला माहीत आहे. पाहुणा अर्धा तास बोलला तरी चालेल, परिचय चाळीस मिनिटांचा हवा. मी सांगलीला कॉलेजात असताना या कामात नाव कमावलं होतं. एकदा तर पाहुण्यांना स्वतःचा परिचय ऐकताना डुलकी लागली होती. मी पंधरा दिवस इंटरनेट खणलं आणि सहा पानं लिहिली. "बालपणापासूनच कुशाग्र बुद्धी" हे वाक्य मी माहिती गोळा करायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. ते सगळ्यांना लागू पडतं. बॅनरसाठी फोटोही शोधला. काळेभोर केस, जाड मिशी, रुबाबदार माणूस. फोटो कधीचा आहे हा प्रश्न मला पडला नाही. त्यांना समक्ष कुणीच पाहिलं नव्हतं, सगळं बोलणं विद्याताईंनी त्यांच्या मुलीशी फोनवर केलं होतं, रविवारचा हॉलही तिनेच मिळवून दिला होता.

रविवारी पाच वाजता कार्यक्रम. मी बॅनर घेऊन तीनलाच हॉलवर पोचलो. दार उघडं होतं. आत कालच्या कुणाच्या तरी बर्थडेचे फुगे आणि चुरडलेल्या चिप्स पडलेल्या, आणि एक म्हातारा फिलिपिनो माणूस झाडू मारत होता. जुना स्वेटर, टक्कल, चष्मा.

तुम्ही हसलात. तुम्हाला कळलं. सगळ्यांना इथेच कळतं. मला कळायला दोन तास लागले.

"थँक गॉड, मेट," मी म्हणालो. "तुम्ही आहात ते बरं झालं. शंभर खुर्च्या लावायच्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "नो वरीज," म्हणाले. "सरळ रांगा की अर्धगोल?"

"सरळ. आणि पहिल्या रांगेत सोफा. फार मोठा माणूस येणार आहे."

"असं? मग सोफा पुसायला हवा."

आणि पुसला हो त्यांनी. मग आम्ही बॅनर लावायला घेतला. मी खाली उभा राहून हुकूम सोडत होतो आणि ते स्टुलावर उभे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस! डावीकडे वर घ्या, अजून थोडं, नाही, आता जास्त झालं. लावून झाल्यावर ते खाली उतरले आणि बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले.

"केस फार आहेत," ते म्हणाले.

"मोठ्या माणसांचं असंच असतं," मी म्हणालो. याचा अर्थ काय, मला आजही विचारू नका.

कामं आटपली, वेळ उरला, आणि मला दुर्बुद्धी सुचली. मी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि म्हणालो, "मेट, पाच मिनिटं बसा. मी भाषणाची रिहर्सल करतो. कुठे अडखळलो तर सांगा."

मी सुरू केलं. बालपणापासूनच कुशाग्र बुद्धी.

"गणितात दोनदा नापास," सोफ्यावरून आवाज आला.

मी दुर्लक्ष केलं. पहिलीच निवडणूक त्यांनी प्रचंड मतांनी जिंकली.

"हरला. सख्ख्या मावशीनेही मत दिलं नाही. तिचा नवरा समोरच्या उमेदवाराकडे कामाला होता."

मी कागद खाली घेतला. "तुम्हाला हे कसं माहीत?"

"मी त्याच गावचा."

"अच्छा," मी म्हणालो. माझ्यातला सांगलीकर जागा झाला. गावातला माणूस नेत्याबद्दल असं कधी बोलतो, ते आपल्याला शिकवायला लागत नाही. "म्हणजे तुम्ही त्यांच्या विरोधी पक्षाचे."

त्यांनी थोडा विचार केला. "कधीकधी," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं. अगदी प्रेमाने. मेट, राजकारणात मतभेद असतात, पण माणूस मोठा झाला की जुनं विसरायचं. आज ते येतील तेव्हा असलं काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "नाही बोलणार. प्रॉमिस." मग मी पान चार काढलं. राजदूत म्हणून केलेला ऐतिहासिक व्यापारी करार.

"आंब्यांचा करार," ते म्हणाले. "सही झाली, फोटो निघाले, आंबे बंदरातच सडले. कोराबद्दल लिहिलंय का?"

"कोण कोरा?"

"घरकामाला परदेशी गेलेली मुलगी. मालकाने पासपोर्ट काढून घेतला होता. दूतावासाच्या मागच्या खोलीत ती अकरा महिने राहिली. तुमचा हा मोठा माणूस रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या ऑफिसात जाऊन बसायचा, लोक त्याला हाकलून द्यायचे. शेवटी तिला विमानात बसवलं तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती, आणि हा धावपट्टीच्या कडेला उभा राहून रडत होता. राजदूत असून."

"छान आहे," मी म्हणालो. "पण वेळ कमी आहे हो. अशा छोट्या गोष्टी घ्यायला लागलो तर करार राहून जाईल."

हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडावर बोललो. परत परत आठवतं आणि कानशिलं गरम होतात.

साडेचारला आम्ही सोफा शेवटचा सरकवत होतो तेवढ्यात माणसं यायला लागली. म्हातारबाबा म्हणाले, "मी जरा कपडे बदलून येतो." मी म्हणालो, "हो हो, आणि मग मागे थांबा, वडे निघतील." विद्याताई दाराशी अत्तरदाणी आणि कुंकू घेऊन उभ्या. तेवढ्यात एक सहा फुटी, पांढऱ्या केसांचा, निळं जॅकेट घातलेला ऑस्ट्रेलियन गृहस्थ आत आला. विद्याताईंनी त्याला टिळा लावला, हाताला अत्तर लावलं, गुलाब दिला आणि सोफ्यावर नेऊन बसवला. समोर वड्यांची बशी ठेवली.

"कोण हे?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण काउन्सिलचे कुणीतरी मोठे साहेब असणार. बघ ना कसे दिसतात."

आणि त्याच वेळी टॉयलेटचं दार उघडलं. पांढरा, पारदर्शक, भरतकाम केलेला लांब शर्ट. तोच चष्मा, तेच टक्कल. नुकतेच आलेले कॉयरचे वीस-पंचवीस लोक ताडकन उभे राहिले. "गुड आफ्टरनून, अँबॅसेडर."

माझी बायको मुग्धा माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अरे, हे तर मघाशी तुझ्याबरोबर सोफा सरकवत होते ना?"

माझ्या पायाखालची जमीन वगैरे सरकली नाही. सरकली असती तर बरं झालं असतं, मी आत गेलो असतो.

काय सांगू तुम्हाला, मला या देशात बारा वर्षं झाली. एका पार्टीत एका बाईंनी माझ्या हातात त्यांचा कोट दिला होता, वेटर समजून. ती गोष्ट मी दर बार्बेक्यूला दातओठ खात सांगतो. आणि मी काय केलं? सावळा म्हातारा दिसला, हातात झाडू दिसला, झालं, माझा हिशोब पूर्ण. आणि गोऱ्या जॅकेटला आम्ही सोफा दिला. मला खरंच लाज वाटली.

त्यांच्या मुलीला हॉस्पिटलात तीनची शिफ्ट होती म्हणून ती त्यांना लवकर सोडून गेली होती, हे नंतर कळलं. आल्यावर हॉल घाण दिसला, म्हणून त्यांनी झाडू घेतला. माणूस असा.

"आता पाहुण्यांचा परिचय करून देतील मंदार," विद्याताई माइकवर म्हणाल्या.

मी गेलो. हातात सहा पानं. समोर ते, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, हसून बघतायत. मला वाटलं, हॉल गेला, शाळा गेली, आता निदान खोटं तरी नको. मी कागद खिशात घातले.

"मंडळी," मी इंग्रजीत म्हणालो, "पाहुण्यांचा परिचय मी करून देणार होतो. पण तो त्यांनीच मला करून दिला, मी त्यांच्याकडून या शंभर खुर्च्या लावून घेत असताना."

कॉयरमधली एक आजी अशी काही हसली की तिचा चष्मा पडला. मग मी थांबलोच नाही. गणित सांगितलं, मावशी सांगितली, विरोधी पक्ष सांगितला, आंबे सांगितले. लोक मांड्या थोपटत होते. आणि शेवटी कोरा सांगितली. फिलिपिनो बायका रुमाल काढून बसल्या, आमच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. परिचय संपला तेव्हा सगळा हॉल उभा होता. सहा मिनिटांत संपला होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लहान परिचय, आणि इरा मागच्या रांगेत खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "That's my dad!"

शाल घातली, नारळ दिला. ते माइकपाशी आले. "मी सात निवडणुका लढलो," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी माझा बॅनर दुसऱ्यांनी लावला आणि प्रत्येक वेळी वाकडा लावला. आज पहिल्यांदा सरळ लागलाय." पुन्हा टाळ्या. मग म्हणाले, "विद्याताईंनी शाल घालताना माझ्या कानात शनिवारबद्दल काहीतरी सांगितलं. मला आवडलं असतं. पण हॉल माझ्या हातात नाही. आम्हालाही जे मिळतं ते त्या ट्रेव्हरकडून मिळतं. तो इथला केअरटेकर."

आणि त्यांनी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

शंभर माना वळल्या. निळं जॅकेट. कपाळावर टिळा, मांडीवर गुलाब, हातात चौथा बटाटेवडा. भाचीच्या एंगेजमेंटला निघालेला बिचारा, वाटेत हॉल ठीक आहे ना ते बघायला आला होता आणि आम्ही त्याला ओवाळून बसवलं होतं.

"शनिवार सकाळ?" तो तोंड पुसत म्हणाला. "कॉयर अकराला येतो. नऊ ते अकरा रिकामाच असतो. दोन वर्षं झाली. घ्या ना."

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! विद्याताईंनी दुसरी शाल काढली आणि ट्रेव्हरच्या खांद्यावर टाकली. आमच्या शाळेत आज एकतीस मुलं आहेत, सगळ्यांच्या पायांची बोटं शाबूत आहेत, आणि कॉयरची मंडळी पावणेअकराला येऊन मुलांची कविता ऐकत दाराशी थांबतात.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी राजदूतांपाशी गेलो आणि मनापासून माफी मागितली. ते म्हणाले, "अरे सोड. मला एवढंच सांग, तू मला दोन तास या हॉलचा केअरटेकर समजत होतास ना?"

"हो, सर. सॉरी, सर."

"मग मला एकदाही का नाही विचारलंस, की शनिवारी हॉल रिकामा असतो का म्हणून?"