मला रांगायला शिकवणारी मंदाताई

जिने मला साठी उलटल्यावर रांगायला शिकवलं, ती आमची मंदाताई काल गेली.

हार्ट. परवा सकाळी क्लास घेतला, नेहमीसारखी सगळ्यांवर ओरडली, आणि काल दुपारी फोन आला.

मी इथे एरवी फक्त नातवाचे फोटो टाकते. पण हे आज लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

मागच्या वर्षी मी किचनमध्ये पडलेले. हाडबिड काही मोडलं नाही, पण उठताच येईना. ओट्याला हात पुरेना, गुडघे ऐकेनात.

शेजारच्या वहिनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून आल्या, तेव्हा मी फरशीवर बसून स्वतःलाच शिव्या घालत होते.

दुसऱ्याच दिवशी निखिल, माझा मुलगा, पुण्याहून डोंबिवलीत हजर.

"आई, आता पुरे. फ्लॅट विकू आणि तू आमच्याकडे चल. एकटी नाही राहायचं."

मुलगा गुणी आहे, सून त्याहून गुणी. तक्रार काही नाही. पण हे घर आम्ही दोघांनी नोकऱ्या करून घेतलं. आमचे हे गेल्यावरही मी इथेच राहिले. माझी भाजीवाली इथे, माझी लायब्ररी इथे, माझी भांडणंसुद्धा इथलीच. पुण्यात मी पाहुणी म्हणूनच बरी.

मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. तोवर मला खालून एकटीने उठता आलं नाही, तर खुशाल वीक."

बोलून तर बसले. मग धाबं दणाणलं.

म्हणून योगा क्लास लावला. व्हॉट्सॲपवर मेसेज आला : "उपाशीपोटी या. सैल कपडे घाला. येताना आपलं आसन आणा."

मी शिस्तीची बाई. देवघरातलं लाल लोकरीचं आसन काढलं, पूजेला बसायचं, चौकोनी. झटकून पिशवीत घातलं आणि गेले.

हॉलमध्ये बघते तर सगळ्या जणी लांबलचक रबरी मॅटवर. माझं आसन पाहून दोघीतिघी फिसकन हसल्या. मला वाटलं, इथूनच मागे फिरावं.

मंदाताई इथल्या गावातलीच, मानपाड्याकडची. बिल्डिंगी यायच्या आधीपासूनची त्यांची वस्ती, आणि बोलणंही अजून तसंच.

"हसता कशाला? आसनच बोलले ना मी? बरोबर आनलाय तिनी. बस गो."

मी म्हटलं, "थँक यू टीचर."

"मना टीचर नको बोलू. मंदाताई बोल."

घराची आणि दिवाळीच्या मुदतीची गोष्ट तिला सांगून टाकली. मग बाकीच्या सूर्यनमस्कार घालायच्या आणि मला एकच काम. झोपायचं आणि उठायचं. कुशीवर वळ, हातावर जोर दे, रांग, मग एक पाय पुढे, मग उभी. परत झोप.

मला भयंकर राग यायचा. एकदा म्हटलंच, "अगं, आजी झाले मी. आता रांगू का?"

"मंग काय झाला? सगली रांगूनच उभी राहिली."

रांगले.

मधे एकदा गुडघा इतका दुखला की मी जायचंच बंद केलं. तर ही घरी आली. चहा घेतला, घर फिरून बघितलं, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला. रागावली नाही, समजावलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "घर चांगला हाय तुझा. उद्या ये."

गेले.

दिवाळीला निखिल आला तो एजंटशी फोनवर बोलतच. मी म्हटलं, "जरा ठेव फोन आणि इकडे बघ." हॉलमध्ये मधोमध फरशीवर सरळ आडवी झाले. सून घाबरली, नातू टाळ्या वाजवायला लागला.

मग वळले, रांगले, पाय टाकला आणि उभी राहिले. कुणाचा हात नाही, भिंत नाही, खुर्ची नाही.

निखिल परत एजंटला फोन लावून म्हणाला, "नाही, आम्हाला विकायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी हे मंदाताईला सांगितलं. मला वाटलं, मिठी मारेल, क्लासला सांगेल. कसलं काय. "बरा झाला. आता खांदे खाली सोड," म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली. मी जरा हिरमुसलेच तेव्हा.

काल तिच्या घरी गेले. ओटीवर बायका बसलेल्या. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मी नको म्हटलं आणि तिच्याजवळ खालीच बसले. निघायची वेळ झाली तशी उठले, तिने शिकवलं तश्शी. एवढ्या लोकांत रांगायची लाज वाटली नाही.

तिचे मिस्टर भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे बघत होते. मला म्हणाले, "घर इकला नाय, त्या बाई तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"आमचा जुना घर रस्त्यात गेला. मंदाच्या लय जिवाला लागलेला. तुमचा रायला ना, त्या दिवशी घरी येऊन सगल्यांना सांगत होती. पेढे आनले तिनी."

मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं बाईने.

मंदाताई, हे मी माझ्या घरी, माझ्या खिडकीपाशी बसून लिहितेय. खाली भाजीवाली हाका मारतेय.

तुझं घर गेलं आणि माझं तू राखलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही.

भरल्या मनाने निरोप, मंदाताई.