जाऊबाईंची जपानी पँट

पँटला दोन पाय असतात, हे माझ्या धाकट्या नातीलाही कळतं. मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं नव्हतं. तेव्हा मी पोरच होते म्हणा! परकरात शिरावं तशी मी जाऊबाईंच्या पँटमध्ये शिरले आणि दोन्ही पाय एकाच नळीत घातले.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. संरक्षण कारखान्याच्या कचेरीत जन्मभर कडक इस्त्रीच्या साड्या नेसल्या. रिटायर झाल्यावर मुलीनं त्यांना जपानी धाटणीच्या लिननच्या पँटी पाठवल्या. ढगळ, पुढे खोल चुण्या, कमरेला बांधायचा रुंद पट्टा. मग काय, चेरीतालच्या बाजारातली भाजी असो की बुद्धविहारातली वंदना, बाई त्याच पँटमध्ये, तीही चुरगळलेली. इस्त्रीला हात लावू देत नसत. "नोकरीत मी ताठ राहिली. आता पँटले तरी आराम करू द्या."

लोक बघतात, असं मी म्हटलं की म्हणायच्या, "आपल्या गोहलपुरात लोकायले समोरची म्हैस दिसत नाही. माझे पाय कोण पाहून राहिलं?"

त्याच सुमारास विहाराच्या पायऱ्यांवर निऱ्यांत पाय अडकून मी पडले. हाड सांधलं, धीर सांधला नाही. अंगणाच्या पायऱ्यासुद्धा सुनेचा हात धरल्याशिवाय उतरवेनात. पुढे उतरणंच सोडलं. जाऊबाई रोज यायच्या. "चलो, फिरून येऊ." मी म्हणायची, कुकर लावलाय. "काहून वं, तुझा कुकर दिवसभर शिट्ट्याच मारते का?"

एका सकाळी त्यांनी आपली पँट माझ्या खाटेवर टाकली. "यात पाय अडकत नाही. घाल. मी फाटकापाशी उभी आहे." आणि गेल्या.

नळी परकराएवढी रुंद. मी शिरले. कंबर तिरकी बसली आणि दुसरी नळी मागे लोंबायला लागली. म्हटलं, जपानात निऱ्या मागे घेत असतील! ती खोचावी तर सुटे, सुटली की पायात येई. माझं डोकंच फिरलं. एका हातात पट्टा, दुसऱ्यात ते शेपूट, अशी मी तुरुतुरु थेट फाटकापाशी गेले. "बाई, हे काय देऊन राहिल्या तुम्ही मला? यात माणसाले चालता येते का?"

जाऊबाई फाटकाला धरून खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. शेजारीण डोकावली, तिलाही हातानंच "जा, जा" केलं. बोलायला श्वास कुठे होता!

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच, चुरगळलेल्या पँटमध्ये, कुणाकडे पाणीही न मागता. रडले मी, पण त्यांना हवं तसंच झालं, म्हणून जीव हलका आहे. त्यांच्या पँटी आता मी घालते. दोन नळ्यांत दोन पाय.

त्या दिवशी हसू आवरल्यावर त्यांनी डोळे पुसले, माझं शेपूट नीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "चालता येते का म्हणून मले काय विचारतं? मागं पाह्य. त्या पायऱ्या तू कोणाचा हात धरून उतरली?"