उंबऱ्यातलं बसणं

लग्न होऊन मी तिसगावजवळच्या त्या घरात आले तेव्हा दुष्काळ पडलेला होता. सकाळी डोळे उघडले की दिवसभराची कामं मनात ओळीनं लावायची, ही माझी माहेरची सवय. पाणी, शेण, दळण, भाकरी, मग दुष्काळी कामावर खडी फोडायला. या ओळीत रोज एकच गोष्ट आडवी यायची, ती म्हणजे माझी सासू.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. डोक्यावर हंडा असला तरी मला थांबून म्हणावं लागायचं, "आत्याबाई, सरका." ती एक गुडघा आत ओढायची, तेवढ्या फटीतून मी आत. उंबऱ्यावर बसू नये, घरातली लक्ष्मी जाते, असं गावातल्या म्हाताऱ्या तिला तोंडावर सांगत. ती म्हणे, "हाय कुठं लक्ष्मी? दाखव, मंग उठते."

का बसता, असं मी विचारलं की उत्तर दरवेळी वेगळं. गुडघे धरलेत. बाहेर ऊन लागतं. इथून चूल दिसते. मला वाटायचं, बसून बसून अंग जड झालंय, दुसरं काही नाही.

थोरले दीरही खडीच्या कामावर होते. मुकादमानं दिवसभर घातलेल्या शिव्या संध्याकाळी ते घरी घेऊन येत. मी आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात भाकरी करपली म्हणून त्यांनी ताट भिंतीवर हाणलं आणि स्वयंपाकघराकडे धावले. थोरली जाऊ चुलीपाशी होती. ती उठली नाही, ओरडली नाही. डोकं गुडघ्यांत घालून तिनं दोन्ही हात मानेवर धरले.

दीर उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

"आये, ऊठ."

"गुडगं न्हाई उठत."

"ऊठ म्हन्तो ना!"

"वलांडून जा की. आईला वलांड."

ते दातओठ खात उभे राहिले. कितीही चिडलेला असो, आईला ओलांडणारा पोरगा आमच्याकडे गावात तोंड दाखवू शकत नाही. त्यांनी तांब्या उचलला आणि सासूच्या डोक्यावरून आत फेकला. नेम चुकला. तांब्या सासूच्या कानावर बसला, रक्त गळ्यापर्यंत आलं. तिनं पदर कानाला दाबला आणि बसल्या जागेवरून म्हणाली, "झालं? आता हात धू. भाकर हितं देते."

जावेचा डावा हात मनगटाशी वाकडा होता, पुढचा एक दात अर्धा होता. मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई बसाया लागायच्या आदीचं हाय ते."

पुढे एकदा खडी फोडताना हातोडा माझ्या अंगठ्यावर बसला. नख उलटलं. मुकादमानं घरी पाठवलं. भर दुपारी आले तर सासू डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन तरातरा गोठ्याकडे चाललेली. मला पाहून थबकली.

"गुडघे?" मी म्हटलं.

"सांजंला दुखत्यात," ती म्हणाली. "कुनाला सांगू नगंस. तुझ्या नवऱ्याला तर न्हाईच. त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

मी कुणाला सांगितलं नाही. पण आमचे मालक आईसाठी हळहळत होते. बसून बसून म्हातारीचे पाय कायमचे जातील, असं त्यांच्या डोक्यात बसलं. एका संध्याकाळी त्यांनी तिला सरळ उचलून उभं केलं. "चल, मारुतीपर्यंत चालायचं." तिनं चौकट धरली, त्यांच्या हाताला चावा घेतला, शिव्या दिल्या. ते हसत होते. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला घेऊन गेले.

ती वेशीपाशीही पोचली नसेल तोच दीर आले. उंबरा रिकामा दिसला तसं त्यांनी सरपणातलं लाकूड उपसलं.

मी पीठ मळत होते. विचार करायला सवड नव्हती. उठले आणि पिठाच्या हातांनी उंबऱ्यात जाऊन बसले.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीच्या अंगाला हात लावायचा नसतो. तिच्या अंगावरून जाणं तर लांबच. त्यांनी लाकूड चौकटीवर हाणलं, पुन्हा पुन्हा हाणलं. ढलप्या माझ्या केसांत उडाल्या. एक फटका घसरून माझ्या खांद्यावर आला आणि हात बधिर झाला. मी हलले नाही. आत जाऊ श्वास रोखून होती, ते मला पाठीला कळत होतं.

मग सासू आली. चालत नव्हे, पळत. मागून मालक, हातावर तिच्या दातांचे व्रण. आपल्या भावाच्या हातातलं लाकूड पाहून ते पांढरेफटक पडले. सासूनं लेकाकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "सरक." मी सरकले, ती बसली. त्यानंतर मालकांनी तिला चालवायचा विषय काढला नाही. भावाशी बोलणंही सोडलं.

पुढच्या हंगामात दीर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हारकडे गेले. टोळी परतली, ते आले नाहीत. तिकडे दुसरं घर केल्याचा निरोप तेवढा आला. त्या दिवशी मी म्हटलं, "आत्याबाई, आता उठा. काम संपलं तुमचं."

तिनं चौकट धरून जोर केला. उठता येईना. जाऊ आणि मी दोन्ही काखांत हात घालून ओढलं, तेव्हा ती कळवळली. गुडघे आता खरंच सरळ होईनात. बाहेर बाज टाकली तर घटकाभरात हातांवर सरकत पुन्हा उंबऱ्यात.

"इथं काय आहे आता?" मी वैतागून विचारलं.

तिनं उंबऱ्यावरून हात फिरवला. "काय न्हाई," म्हणाली. "दुसरीकडं बसाया सुदरत न्हाई."

जाऊ चुलीपासून उठली. त्या घरात तिला मी कधी दारात बसलेलं पाहिलं नव्हतं. ती सासूशेजारी बाहेर तोंड करून बसली आणि तिचे गुडघे चोळू लागली.

मी पाण्याचा हंडा घेऊन आले. "सरका," म्हटलं. दोघींपैकी कुणीच सरकलं नाही.