हापशावरचा वर्ग

अंबडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर मी निवृत्त झालो आणि दिंडोरीजवळच्या एका शेडमध्ये शिकवायला लागलो. चार-पाच द्राक्ष बागायतदारांनी मिळून तो वर्ग काढला होता. आसपासच्या तरुण मुलामुलींना सहा महिन्यांत फवारणीचे पंप, छोटी इंजिनं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकवायचं. बागांमध्ये यंत्रं ढिगानं होती, ती उघडून बघणारं कुणी नव्हतं.

प्रवेशाची परीक्षा मीच ठरवली. टेबलावर पाठीवरचा एक फवारणी पंप सुटा करून ठेवला. शेजारी दुसरा, जोडलेला, पण आतलं दिसावं म्हणून बाजूनं कापून उघडा केलेला. त्या नमुन्याकडे बघून वीस मिनिटांत सुटा पंप जोडायचा.

त्या सकाळी बाराव्या नंबरला एक मुलगी आली. एकोणीस-वीस वर्षांची, सुरगाण्याकडची. घरचं भात आणि नागली काढून झाली की तिचे आई-वडील दरवर्षी इकडे बागांमध्ये कामाला यायचे, तीही त्यांच्याबरोबर. दहावी झालेली होती. वीस मिनिटं झाली तरी तिनं एकही भाग जोडला नाही. नमुन्यात डोकं घालून नुसती बघत बसली. मी कागदावर नापास लिहिणार, एवढ्यात ती म्हणाली,

"सर, ह्यातला वायसर उलटा हाय ना?"

मी हसलो. मग वाकून बघितलं. दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखा वायसर असतो, तो खरंच उलटा होता. मीच बसवलेला. कापलेल्या पंपात पाणी कधी भरलंच जात नाही, त्यामुळे चूक कळायला मार्ग नव्हता. तिच्या आधीच्या अकरा जणांनी नमुना बघून हुबेहूब उलटा वायसर बसवला होता आणि मी अकराही जणांना पास केलं होतं.

"तुला कसं कळलं?"

"पाणी ज्या बाजूला दाबायचं, तिकडं वाटीचं तोंड पायजे. आमच्या हापशात तसंच असतं."

हापसा आतून हिनं कधी बघितला? विचारल्यावर म्हणाली, तालुक्याहून मेकॅनिक यायचा, तेव्हा पाण्याला आलेल्या बायका सावलीत बसायच्या आणि ही त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची. पुढे पुढे तो तिच्या हातात पाना द्यायला लागला.

मी तिला घेतलं. ती कमी बोलायची, पण दुरुस्त झालेला पंपसुद्धा परत खोलायची. "चालतोय की, कशाला खोलतेस?" असं विचारलं तर म्हणायची, "का चालतोय ते बघते."

शिमगा झाला, आई-वडील गावी परतले आणि त्यांच्याबरोबर तीही गेली. पंधरा दिवस झाले तरी आली नाही. बागायतदारांच्या बैठकीत एक जण म्हणाला, "तिच्या जागी दुसरं कुणी घ्या. गावाला निघून जाणाऱ्यांवर कशाला खर्च करायचा?" त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मी एक आठवडा मागून घेतला आणि सुरगाण्याची जीप पकडली. खरं सांगायचं तर त्यात तिच्या काळजीइतकंच कुतूहलही होतं. ती जिथून शिकून आली तो हापसा मला बघायचा होता.

पाड्यावर तिच्या वडिलांनी मला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "गुरुजी, आम्ही इथं, ती तिथं एकटी. आन शिकून इथं काय करल? इथं कुठं बागा हायत?"

मुलगी दारातून म्हणाली, "बा, हापसा हाय ना."

हापसा दोन महिन्यांपासून जवळजवळ बंदच होता. हापसून हापसून दंड भरून आले की करंगळीएवढी धार यायची. बायका खाली ओहोळावर जात होत्या. मेकॅनिक दर वेळी 'उद्या येतो' म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीतून अवजारांची पेटी आणली. तिनं धार येईपर्यंत हापसलं, थोडा वेळ थांबून परत हापसलं. पाण्याला परत तेवढाच वेळ लागला. "वर आलेलं पाणी मधीच गळतंय," ती म्हणाली. मग पाड्यावरचे आठ-दहा जण दोराला लागले आणि एकेक नळी वर यायला लागली. तिसऱ्या नळीला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक निघालं. नवीन नळी कुणाकडेच नव्हती. मला वाटलं, झालं, संपलं.

"ही एक काढून टाकू," ती म्हणाली. "आतली दट्ट्याची एक सळईपण काढू. खालचा पंप दहा फूट वर राहील, पण सध्या पाणी तेवढं वर हाय."

दुपारी धार पडली. बायका टाळ्या-बिळ्या काही न वाजवता सरळ हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. ती मात्र वडिलांना सांगत होती, "मे महिन्यात पाणी खाली गेलं की हा परत बंद पडल. तवर नळी आणायला पायजे."

वडील मग मला म्हणाले, "हे तुम्ही शिकवलं?"

"नाही. मला हापशातलं काही कळत नाही."

"मग तुम्ही काय शिकवता?"

मी जमेल तसं सांगितलं. मोजमाप, आटे पाडणं, मोटारीचं वायरिंग. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "भाताच्या लावणीच्या आधी संपल का?"

"संपेल."

आठवड्याच्या आत ती परत आली. वर्गातल्याच एका मुलीच्या घरी राहिली आणि कोर्स पूर्ण केला. मेच्या सुरुवातीला हापसा बंद पडला खरा, पण वडिलांनी ग्रामपंचायतीत रोज जाऊन बसून नळी मिळवली होती. ती दोन दिवसांची सुट्टी घेऊन गेली आणि बसवून आली.

आता हंगामात ती दिंडोरीला पंप दुरुस्त करते. उन्हाळ्यात सुरगाण्याकडच्या पाड्यांवर तिला हापशांसाठी बोलावणं येतं. तिच्यासाठी अवजारांची नवी पेटी बागायतदारांनीच घेतली. बैठकीत तो प्रस्ताव तिची जागा दुसऱ्याला द्या म्हणणाऱ्यानंच मांडला.

वर्गात आम्ही हापशाचे दोन दिवस वाढवलेत. ते दोन्ही दिवस ती शिकवते आणि मी मागच्या बाकावर बसतो. मुलांनी काही विचारलं की ती उत्तर देत नाही, खोलून बघायला लावते. मला मात्र उत्तराची घाई झालेली असते. परवा न राहवून मीच मध्ये बोललो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, त्यांना बघू द्या की."

मी उठून मुलांबरोबर वाकून बघायला लागलो.