फेट्याखालचं नाव

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी भाकरी करत होते. सुनंदा, आमची मुलगी, फोन ठेवून म्हणाली, "आई, बाबा गेले." तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि मग खाली बसले. ओट्यावर पेल्यात यांच्या क्लॅरिनेटची पत्ती भिजत होती. तोंडात धरायची ती वेताची पत्ती, ओली केल्याशिवाय सूर देत नाही. दात पडल्यापासून यांना वाजवता येत नव्हतं, तरी दवाखान्यात नेलं त्या सकाळीही भिजत घातली होती. मी म्हणायचे, "अहो, आता कशाला?" म्हणायचे, "कोरडी पडली की चिरते."

यांचे वडील लग्नात वाजवणारे. हे लहानपणापासून त्यांच्याबरोबर. मांडवाबाहेर उन्हात उभं राहायचं, फेटेवाल्यांची पंगत उठली की उरलेलं वाढून घ्यायचं, तेही लांब बसून. त्यातून पळून हे मुंबईला गेले. एका हॉटेलात गोरे लोक नाचायचे, तिथल्या बँडमध्ये एका काळ्या अमेरिकन वादकाशेजारी बसून यांनी जॅझ कानाने उचललं. आपल्याकडे तेव्हा ते वाजवणारे होतेच किती... साहेब गेले, हॉटेलं ओस पडली, आणि हे बोटीने जर्मनीत आले. फ्रँकफर्टच्या आसपास अमेरिकन सैनिकांचे क्लब होते, तिथे काम मिळालं, मग शहरातल्या एका जर्मन जॅझ क्लबातही. सुनंदाला काखेत घेऊन मी मागाहून आले.

पहिल्यांदा क्लबात गेले तर यांच्या डोक्यावर जरीचा फेटा, त्यात पीस. बाहेर पाटी, 'महाराजा'. ज्यांच्या मांडवात आत पाऊल टाकता आलं नाही, त्यांचं सोंग इथे घ्यायचं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना हे म्हणाले, "डोक्यावर काय आहे ते ऐकू येत नाही." मला मात्र दिसत होतं.

पुढे गिटारवाली पोरं आली आणि महाराजा कोणाला नको झाला. ऱ्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात यांनी दारं बसवली, पेन्शन लागेपर्यंत. क्लबवाले तासाभराच्या अंतरावर. एकजण फिरकला नाही. अंत्यविधीला मात्र आले, मोठं पुष्पचक्र घेऊन. रिबिनीवर 'आमचा महाराजा'.

मग पुढच्या आठवड्यात क्लबचे अध्यक्ष घरी आले. यांच्याबरोबर ड्रम वाजवायचे, आता म्हातारे झालेत. क्लबात काचेचं कपाट करायचं आहे, त्यात क्लॅरिनेट आणि फेटा हवा, असं म्हणाले. मी क्लॅरिनेटची पेटी काढून दिली.

"आणि फेटा?"

"त्याने मी फरशी पुसली."

सुनंदाने जर्मनमध्ये काहीतरी गुळमुळीत सांगितलं, हरवला म्हणून. मी म्हणाले, "हरवला नाही, फरशी पुसली. नीट सांग." सांगितलं. ते हसले, मग हसायचे थांबले.

मी विचारलं, कपाटात पाटी कसली लावणार? 'महाराजा', म्हणाले. मी म्हणाले, नाव लावा.

"हो, हो. काय होतं बरं त्यांचं नाव?"

इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून वाजवलं आणि नाव माहीत नाही. सुनंदा सांगणार होती, तिला मी हाताने थांबवलं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही खाली मान घालून. त्या दिवशी त्या माणसाच्या तोंडाकडे बघून सांगितलं. शिवराम धोंडी कांबळे.

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, "छान. पण हे इथे कोण ओळखणार? महाराजा मोठ्या अक्षरात लिहू, हे खाली बारीक."

मी त्यांच्या मांडीवरची पेटी उचलली आणि आतल्या खोलीत ठेवून आले.

ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "आई, आता बाबांचं नाव कुठेच राहणार नाही." खरं आहे. मी गेल्यावर पेटीही राहणार नाही. तिच्या पोरांना त्यातलं काही नको आहे.

सकाळी उठते, पेला विसळते, ताजं पाणी भरते आणि पत्ती भिजत घालते. वाजवणारा नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत चिरू देणार नाही.